ऑफिसचे फ्लॅट केलेल्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहावं का? (क्रॉयडन, लंडन)

कोथरूडकर८८:
नमस्कार मंडळी, कंपनीने दोन वर्षांसाठी लंडनला पाठवलंय, ऑफिस ईस्ट क्रॉयडन स्टेशनजवळ. सध्या एकटाच आहे, पुढच्या महिन्यात बायको आणि चार वर्षांची मुलगी येतायत, त्याआधी घर ठरवायचंय. वेलस्ली रोडच्या मागे एक वन बेडरूम बघितला, भाडं महिना १४५० पाउंड. बिल्डिंग आधी ऑफिसची होती, आता आत फ्लॅट काढलेत. बाहेरून अजून ऑफिसच वाटतं पण आत सगळं कोरं करकरीत, स्टेशन चालत सात मिनिटं. एजंट म्हणतो उद्यापर्यंत सांगा नाहीतर जाईल, आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतोय. ऑफिसातले दोघं-तिघं म्हणाले असल्या बिल्डिंगमध्ये जाऊ नकोस पण का ते कोणी नीट सांगत नाही. काय काय बघू?

मीनल_क्रॉयडन:
आधी डिपॉझिटचं सांगते, दोन महिन्यांचं अजिबात देऊ नका. २०१९ च्या कायद्याने इथे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही, म्हणजे तुमच्या भाड्याला साधारण १६७३ पाउंड, आणि फ्लॅट धरून ठेवायला जे टोकन मागतात ते जास्तीत जास्त एका आठवड्याचं. नवीन आलेल्या माणसाला माहीत नसतं म्हणून मागतात, मला फार राग येतो याचा.

आता बिल्डिंग. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये नियम आला की ऑफिसची घरं करायला पूर्ण प्लॅनिंग परवानगी नको, कौन्सिल (म्हणजे इथली नगरपालिका) फक्त रहदारी, पूर असल्या मोजक्याच गोष्टी बघणार. खोली केवढी असावी, उजेड किती यावा हे कोणी विचारायचंच नाही, त्यामुळे कुठे कुठे १६ चौरस मीटरचेसुद्धा स्टुडिओ निघाले, म्हणजे पावणेदोनशे स्क्वेअर फूट! उजेडाची अट ऑगस्ट २०२० पासून आली आणि किमान ३७ चौरस मीटरची एप्रिल २०२१ पासून. म्हणून कौन्सिलच्या प्लॅनिंगच्या साइटवर पत्ता टाकून आधी अर्जाचं वर्ष बघा, त्यात नकाशेपण असतात. आणि घराला ऊर्जा किती लागते ते सांगणारं ईपीसी सर्टिफिकेट सरकारी साइटवर फुकट दिसतं, त्यात क्षेत्रफळ आणि हीटिंग कसलं आहे ते लिहिलेलं असतं. जाहिरातीतल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आम्ही ऑफिसचे फ्लॅट केलेल्या अशाच एका जुन्या बिल्डिंगमध्ये तीन वर्षं काढली. ऑफिसचा मजला खोलवर आत गेलेला असतो आणि खिडक्या फक्त बाहेरच्या भिंतीला, त्यामुळे फ्लॅट बोगद्यासारखा लांबट होतो आणि बेडरूम जाते मागे अंधारात. आमची खिडकी वरून चार बोटं कलायची, बस्स. किचन हॉलमध्येच, आणि वरचा हुड हवा बाहेर टाकतच नव्हता, फिल्टरमधून फिरवून परत खोलीतच. मोहरी तडतडली की छतावरचा अलार्म सुरू, मग एकाने फोडणी करायची आणि दुसऱ्याने खाली उभं राहून टॉवेल हलवायचा. हिवाळ्यात कपडे घरातच वाळत, ती ओल जाणार कुठे, जानेवारीत मुलाच्या पलंगामागची भिंत बुरशीने काळी झाली आणि त्याचा खोकला मार्चपर्यंत हटला नाही. बघायला जाल तेव्हा बाथरूमचा पंखा लावून जाळीला टिश्यू पेपर लावा, चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय, खाली पडला तर तो नुसता आवाज करतोय.

टेम्सकाठी:
सरसकट वाईट म्हणू नका हं ताई. मी पण ऑफिसच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, नंतरच्या नियमातली आहे, छत उंच, काँक्रीटचा जाड स्लॅब आहे त्यामुळे वरच्यांच्या पावलांचा आवाज शून्य. आधी एका जुन्या लाकडी फ्लोअरच्या घरात होतो तिथे वरचा माणूस पाण्याला उठला तरी कळायचं. फक्त एक, माझी बाजू पश्चिमेची आणि भिंतभर काच, जुलैत रात्री दहालासुद्धा खोली तापलेली असते, एसी नाही. ऑफिस होतं तेव्हा माणसं सहाला घरी जायची, आपल्याला तिथे झोपायचं असतं. म्हणून संध्याकाळी सातला जाऊन बघा, सकाळी अकराला सगळे फ्लॅट छान दिसतात.

अभ्या:
हीटिंगचं नक्की विचारा. भिंतीवर साधे इलेक्ट्रिक पॅनेल हीटर असतील तर थंडीत बिल चांगलंच येतं. आणि बिल्डिंगचं सामाईक हीटिंग असेल तर त्याची कंपनी बदलता येत नाही, आणि सरकारी प्राइस कॅप, म्हणजे वीज-गॅसच्या दरावरची कमाल मर्यादा, त्याला लागू नाही. आधीच्या भाडेकरूची डिसेंबर-जानेवारीची बिलं मागा, एजंट टाळाटाळ करायला लागला तर काय ते समजा. आणि डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये टाकलं का ते तपासा, माझ्या पहिल्या घरमालकाने टाकलंच नव्हतं.

कोथरूडकर८८:
मनापासून धन्यवाद सगळ्यांना. काल सातला परत गेलो. जाहिरातीत ५० चौरस मीटर होतं, ईपीसीत ३८ निघालं, आणि प्लॅनिंगचा अर्ज २०१४ चा. बेडरूमची खिडकी समोरच्या पार्किंगच्या भिंतीवर, दिवा लावल्याशिवाय कपाट दिसेना. टिश्यू लगेच खाली पडला. डिपॉझिटचा नियम सांगितल्यावर एजंट म्हणाला बरं पाच आठवडे द्या, म्हणजे त्याला आधीपासून माहीत होतं! नाही म्हणून आलो. बायकोला व्हिडिओ पाठवला तर ती म्हणाली लेक दिवसभर इथे खेळणार कुठे, तो प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

शनिवारी साउथ नॉरवूडला एका जुन्या घराचा वरचा मजला बघायला जातोय, मागे थोडी बाग आहे म्हणे. मीनलताई, तुमच्या मुलाला शाळा कशी मिळाली, पत्ता पक्का झाल्याशिवाय कौन्सिलकडे अर्ज करता येतो का?