कारमध्ये ब्लूटूथ जोडलेलं, गाणं सुरू दिसतंय, पण आवाजच नाही. मदत हवी आहे

मंडळी, दोन आठवडे या प्रकाराने डोकं उठवलंय.

गाडी २०१७ ची, सेकंडहँड हॅचबॅक, म्युझिक सिस्टीम गाडीबरोबर आलेलीच. फोन अँड्रॉइडचा. ब्लूटूथ लगेच जोडलं जातं. गाणं लावलं की स्क्रीनवर नाव येतं, सेकंद पुढे सरकतात, स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की पुढचं गाणंही लागतं. फक्त ऐकू काही येत नाही. मधेच कोणाचा फोन आला तर मात्र समोरचा माणूस खणखणीत ऐकू येतो!

परवा कराडला जाताना खंबाटकी घाट चढेपर्यंत आबा गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या गाडीत अभंग मनातल्या मनात म्हणतात होय रे?"

रेडिओ वाजतो, पेनड्राइव्ह वाजतो, म्हणजे स्पीकर ठीक असावेत. बायकोचा फोन जोडला तर गाणीही वाजतात. माझा फोन अनपेअर करून पुन्हा जोडला, रीस्टार्ट केला, गाडीचा आवाज पूर्ण वाढवून पाहिला. काही फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो सिस्टीमच बदला. तेवढे पैसे घालायची इच्छा नाही. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यापासून हे सुरू झालं असं वाटतंय, पण खात्री नाही.

प्रतिसाद १
सिस्टीम बदलू नका. बायकोच्या फोनवर वाजतंय तिथेच गाडी सुटली. कॉल, गाणी आणि बटणं या तिन्ही गोष्टी ब्लूटूथवर वेगवेगळ्या वाटेने जातात. कॉलची वाट एचएफपी, गाण्यांची ए-टू-डीपी, आणि गाण्याचं नाव व पुढे-मागे करणं एव्हीआरसीपीकडे. म्हणून नाव दिसलं तरी आवाज पोचेलच असं नाही. फोनच्या ब्लूटूथमध्ये गाडीच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबा. 'मीडिया ऑडिओ' बंद आहे का बघा.

प्रतिसाद २
आणि पेअरिंग दोन्हीकडून काढा. बहुतेक जण फक्त फोनमधून काढतात, गाडीच्या यादीत जुनी नोंद तशीच राहते. कॉलचा आणि गाण्याचा आवाजही वेगवेगळा असतो, त्यामुळे गाणं चालू असतानाच फोनचं व्हॉल्यूम बटण दाबून बघा.

धागाकर्ता
मीडिया ऑडिओ चालूच होता. दोन्हीकडून काढून पुन्हा जोडलं, तेच. व्हॉल्यूमची पट्टी मात्र विचित्र वागतेय. फोनवर पूर्ण वाढवली तरी गाडीच्या स्क्रीनवर शून्यच दिसतं.

प्रतिसाद १
हां, मग 'अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम'चा घोळ असेल. त्यात फोनची पट्टी आणि गाडीचा आवाज एकत्र बांधले जातात. जुन्या सिस्टीमशी ते कधी कधी जुळत नाही. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' चालू करा आणि ब्लूटूथ बंद करून पुन्हा लावा. बाकी कशालाही हात लावू नका. सुरुवातीला गाडीचा आवाज कमी ठेवा, नाहीतर दचकाल.

धागाकर्ता
वाजलं! शेवटचं वाक्य वाचायच्या आधीच लावून पाहिलं, त्यामुळे पार्किंगमधली दोन कुत्री आणि वॉचमनकाका तिघेही उठले. आता फोनची पट्टी वेगळी, गाडीचा नॉब वेगळा. फोन जवळपास पूर्ण ठेवतो आणि गाडीवर कमी-जास्त करतो.

एकच अडचण उरली आहे. हे सेटिंग सगळ्याच ब्लूटूथला लागू झालंय, त्यामुळे इअरबड्सचाही आवाज एकदम कमी-जास्त होतो. फक्त गाडीपुरतं ठेवायची काही सोय आहे का? की दर वेळी बदलत बसायचं?