सिंफनी फँटास्टिक, पहिली मूव्हमेंट : थीम परत येते ती भलत्याच पट्टीत (की) का?

कोमल_निषाद
मंडळी, फ्रेंच संगीतकार बर्लिओझची सिंफनी फँटास्टिक सध्या स्कोअर समोर ठेवून ऐकतेय आणि पहिल्याच मूव्हमेंटला अडकलेय. सुरुवातीचा सी मायनरमधला लार्गो (संथ भाग) कळला, मग अ‍ॅलेग्रोत (जलद भागात) पहिली व्हायोलिन्स आणि फ्ल्यूट मिळून प्रेयसीची धून वाजवतात, ती इदे फिक्स (म्हणजे डोक्यातून न जाणारी, परत परत येणारी चाल), सी मेजरमध्ये, तेही ठीक. पण पुढे सोनाटा फॉर्म (आधी थीम्स मांडणं म्हणजे एक्स्पोझिशन, मग त्यांचा विस्तार, मग मूळ पट्टीत त्या परत आणणं म्हणजे रिकॅपिच्युलेशन) शोधायला गेलं की दुसरी थीम आली कधी आणि गेली कधी पत्ताच लागत नाही, आणि मध्येच अख्खी धून जी मेजरमध्ये परत येते. हे रिकॅपिच्युलेशन असेल तर सी मध्ये नको का? की मीच उगाच पुस्तकी साचा लावत बसलेय?

खर्जातला
साचा लावा हो, फक्त तो कुठे फाटतो तेही बघा, मजा तिथेच आहे. ती धून चाळीसेक बारची (मापांची) आहे, आधी जवळजवळ एकटीच, मग खाली स्ट्रिंग्जचे तुटक धडधडणारे ठोके, मध्ये एक छोटा उसासा एकेक पायरी वर चढत जातो. एवढी लांब चाल बीथोवेनच्या पाचव्या सिंफनीतल्या चार सुरांसारखी तोडून-जोडून वापरता येत नाही, मग बर्लिओझ काय करतो तर तिला अख्खी उचलून नव्या ठिकाणी नेऊन ठेवतो. दुसरी थीम सापडत नाही कारण तिचं तोंडसुद्धा इदे फिक्सचंच आहे!
आता जी मेजरची जागा. त्याआधी स्ट्रिंग्ज क्रोमॅटिक वर-खाली सरकतात, मग सगळं गप्प, मग हॉर्नचा एक लांब सूर आणि त्यावर धून. कानाला वाटतं घरी आलो, पण जी म्हणजे सी च्या सप्तकातला पाचवा सूर, डॉमिनंट, जो सी कडे परतायला ओढतो, म्हणून ताण तसाच राहतो. माझ्या मते हे रिकॅप नाहीच. खरं घर बरंच पुढे, ओबोची ती लांबलचक ओळ संपल्यावर पूर्ण ऑर्केस्ट्रा सी मेजरमध्ये फोर्टिसिमो कोसळतो तिथे.

पडद्यामागे
+१, ओबोच्या जागेबद्दल तर दोनदा. खाली स्ट्रिंग्जमध्ये धुनेचे तुकडे घोळत असतात आणि वर ओबो काहीतरी वेगळंच बोलतोय, ते नीट ऐका.
फक्त बर्लिओझने सिंफनीला जोडलेली प्रेमवेड्या कलाकाराची कथा प्रत्येक बारला चिकटवू नका. १८२७ मध्ये पॅरिसला हॅरिएट स्मिथसन या नटीला हॅम्लेटमधल्या ऑफिलियाच्या भूमिकेत बघून हा माणूस वेडा झाला हे खरंच, पण ही चाल त्याने १८२८ च्या एर्मिनी या कँटाटात (गायन आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेत) आधीच वापरलेली, आणि लार्गोतली म्यूट लावलेल्या व्हायोलिन्सची चाल तर त्याच्या पोरवयातल्या गाण्याची, स्वतःच्या आठवणींत लिहिलंय त्याने. म्हणजे माल जुना, गोष्ट मागून.

कोमल_निषाद
अच्छा, म्हणजे जी मेजर ही हूल आहे तर. पण मग संगीतकार-समीक्षक शूमनने यात आरशासारखी रचना दाखवली होती म्हणतात ती कुठे बसते?

खर्जातला
शूमनचा लेख १८३५ चा, आणि त्याच्यासमोर होतं लिस्टने केलेलं पियानो रूपांतर. सी, मग जी, मधला भाग, परत जी, शेवटी सी, असा कमानीचा नकाशा त्याने काढला. कागदावर झकास दिसतो पण ऐकताना मला तरी कमान जाणवत नाही, कारण दुसऱ्या बाजूला ओबोपासून पुढे एवढं वजन पडतं की दोन्ही बाजू सारख्या राहतच नाहीत.

पडद्यामागे
आणि तो शेवट विसरलात, रेलिजिओसामेंटे (भक्तिभावाने) लिहिलेला. एवढ्या आदळआपटीनंतर चर्चमधल्या आमेनसारखे एफ ते सी असे संथ कॉर्ड्स. बर्लिओझने कथा सांगायला लिहिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत धार्मिक सांत्वन म्हटलंय तेच हे, पण मला तो दरवेळी जरा घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो. बाय द वे, रेकॉर्डिंग निवडताना एक्स्पोझिशनचा रिपीट घेतलेलं घ्या, एक्स्पोझिशन मुळातच छोटं आहे, ते एकदाच वाजलं तर धून डोक्यात बसायच्या आतच पुढची पळापळ सुरू होते.