मदत हवी आहे: नवीन रिपोर्टमध्ये मागच्या वर्षाचे आकडेच बदललेत, कुठले धरू?

नमस्कार मंडळी, मी अकाउंटंट नाही, हौसेने रिपोर्ट वाचतो आणि एक्सेलमध्ये दहा वर्षांची शीट करतो. दोन रिटेल कंपन्या घेतल्यात, दोन्ही आयएफआरएसवाल्या (आंतरराष्ट्रीय हिशोब नियम पाळणाऱ्या), दोन्हींचं वर्ष डिसेंबरला संपतं. पहिलीच्या 2019 च्या रिपोर्टमध्ये 2018 च्या कॉलमवर 'रिस्टेटेड' (नव्याने मांडलेले) लिहिलंय आणि मूळ 2018 च्या रिपोर्टशी काहीच जुळत नाही, कर्ज वाढलंय, एबिटडा (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा) वाढलाय, इक्विटी थोडी घटलीये, वर ताळेबंदाला 1 जानेवारी 2018 चा तिसराच कॉलम (मला आधी छपाईची चूक वाटली!). दुसरीचं सगळं जुळतं, पण 2019 ला एबिटडा एकदम टुणकन वर, दुकानं तेवढीच असून. नोट्समध्ये आयएफआरएस 16 (भाडेकरारांचा, म्हणजे लीजचा नवा नियम) दिसतंय, म्हणजे भाडं गेलं आणि त्याजागी घसारा आणि व्याज आलं, इथपर्यंत डोक्यात शिरलं. पण पहिलीत काही लफडं आहे का? आणि शीटमध्ये 2018 कुठला टाकू?

उत्तर १:
लफडं नाही हो. अंदाज बदलला, म्हणजे मशीनचं आयुष्य 10 चं 8 वर्षं केलं, तर मागचे आकडे तसेच राहतात. हिशोबाचं धोरण बदललं (नवा नियम लागला तर तेच) किंवा जुनी चूक सापडली की मागचे बदलतात, आणि दोन्हीकडे शब्द एकच वापरतात म्हणून धडकी भरते. चूक असेल तर नोटमध्ये कसली चूक ते लिहावंच लागतं, ते आधी शोधा. तुमच्या पहिलीने नवीन नियम मागच्या वर्षालाही लावला, तिसरा कॉलम त्याचाच. दुसरीने सोपी वाट धरली, 2018 जुन्या पद्धतीनेच ठेवलं आणि सगळा फरक 1 जानेवारी 2019 च्या सुरुवातीच्या शिलकीत टाकला, स्टँडर्डच तशी मुभा देतं. म्हणजे गंमत बघा, जिच्यावर संशय तिचेच दोन कॉलम शेजारी ठेवून बघता येतात, दुसरीचे नाही.

मी प्रत्येक वर्षाच्या दोन ओळी ठेवतो, छापलेली आणि सुधारलेली. मूळ आकडा पुसू नका, नंतर पस्तावाल.

धागाकर्ता:
अरे वा, उलटंच समजत होतो मी! पण मग दुसरीची 2018 आणि 2019 ची तुलना करायचीच नाही का?

उत्तर १:
ढोबळ होते. 2019 च्या कॅश फ्लोमध्ये लीजची मुद्दल आणि व्याज किती दिलं ते बघा, तेवढं एबिटडामधून वजा करा, साधारण जुन्या भाड्याच्या हिशोबाजवळ येता. लीजच्या नव्या देण्याला सरासरी कुठला व्याजदर लावला तेही दुसरीच्या नोटमध्ये असतं, तो बघा.

उत्तर २:
शीटमध्ये 2026 ला पण दोन ओळींची जागा ठेवा, 1 जानेवारी 2027 पासून आयएफआरएस 18 येतंय. नफातोट्याच्या पत्रकाची मांडणीच बदलणार, आणि यावेळी सोपी वाट नाही, मागचं वर्ष सगळ्यांनाच नव्याने मांडावं लागेल. जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ मात्र कंपनीलाच द्यावा लागणार, तेवढं तुमचं काम वाचलं.

धागाकर्ता:
म्हणजे शीट परत उसवायची 😅 धन्यवाद दोघांना, रविवारी बसतो.