आडनावाचा अर्थ : शब्द नेमका कुणाच्या तोंडचा?

‘अमुक आडनावाचा अर्थ काय?’ हा प्रश्न शब्दचर्चेत नेहमी येतो आणि उत्तरही चटकन मिळतं. स्मिथ म्हणजे लोहार, तानाका म्हणजे शेताच्या मधोमध, नोवाक म्हणजे नवा. उत्तरं खोटी नाहीत, पण मला ती अर्धीच वाटतात. आडनावं बहुतेक वेळा दुसऱ्याने दिलेली असतात. शेजाऱ्याने ओळख पटावी म्हणून काही म्हटलं, कारकुनाने ते वहीत उतरवलं आणि पुढच्या पिढ्यांना ते चिकटलं. त्यामुळे शब्दाच्या अर्थाइतकंच तो कुणी उच्चारला आणि कुठे उच्चारला, हे विचारायला हवं.

आधी ‘आडनाव’ या शब्दाकडेच पाहू. आडवाट, आडगाव, आडरान यांतला ‘आड’ इथे आहे, म्हणजे मुख्य नाव वेगळं आणि हे बाजूचं. इंग्रजीतला सरनेम फ्रेंचमधून आला; त्यातला ‘सर’ म्हणजे ‘वर’, मूळ नावावर चढवलेलं नाव. डच भाषेत आडनावाला ‘आख्तरनाम’ म्हणतात, म्हणजे मागचं नाव. हंगेरियनमध्ये याच्या अगदी उलट, ‘वेझेतेकनेव’ म्हणजे पुढे चालणारं, वाट दाखवणारं नाव, कारण तिथे आडनाव आधी आणि स्वतःचं नाव नंतर येतं. जपानीत आडनावाला ‘म्योजी’ म्हणतात आणि ते ज्या चिन्हांनी लिहितात त्यांतलं पहिलं चिन्ह रोपाचं आहे. एकाच वस्तूला कुणी बाजूचं म्हणतो, कुणी वरचं, कुणी मागचं, कुणी पुढचं. आपलं ‘आड’ यात मला सर्वांत नेमकं वाटतं.

आता मुद्द्याचं उदाहरण. हंगेरीत ‘नेमेत’ हे फार आढळणारं आडनाव आहे. (रोमन लिपीत शेवटी टी-एच दिसतं म्हणून मराठीत ‘नेमेथ’ लिहिलं जातं, पण उच्चार ‘त’चा आहे.) अर्थ ‘जर्मन’. आता हे आडनाव जर्मनीत तयार होईल का? जिथे सगळेच जर्मन, तिथे एकाला जर्मन म्हणून काय ओळख पटणार? हे नाव हंगेरियन शेजाऱ्यांनी दिलं. आणि त्यांनी तरी हा शब्द कुठून घेतला? स्लाव भाषांतून, म्हणजे पोलिश, चेक, रशियन यांच्या कुळातून. तिथे त्याचं मूळ ‘मुका’ या अर्थाच्या शब्दात आहे. आपली भाषा न बोलणारा तो मुका, असं स्लाव लोकांनी जर्मनांना म्हटलं, हंगेरियनांनी तो शब्द उचलला आणि एखाद्या कुटुंबाला कायमचा लावला. शब्दकोशात ‘नेमेत = जर्मन’ एवढंच सापडतं, पण त्यात दोन परक्या तोंडांचा आवाज आहे आणि त्या कुटुंबाचा स्वतःचा एकही नाही.

‘तोत’ हेही असंच. जुन्या हंगेरियनमध्ये स्लाव माणसाला, विशेषतः स्लोव्हाकला, तोत म्हणत. चेक प्रदेशात सर्वाधिक आढळणारं आडनाव ‘नोवाक’ आहे. त्यातला ‘नोव’ आणि आपला ‘नव’ एकाच मुळाचे. नोवाक म्हणजे गावात नवा आलेला. तो माणूस स्वतःला नवा समजत नव्हता, गावाला तो नवा होता. आयर्लंडमधलं ‘वॉल्श’ म्हणजे वेल्समधून आलेला. मूळ जुना इंग्रजी शब्द ‘परका’ या अर्थाचा, आणि तो वेल्समधल्या लोकांना त्यांच्याच भूमीत लावला गेला. ते स्वतःला ‘कम्री’ म्हणवतात. स्कॉटलंडमधलं ‘वॉलेस’ही याच मुळाचं.

मराठीतली ‘कर’ लावून झालेली कित्येक आडनावं या वर्गात बसतात. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने ओळखून फारसा उपयोग नसतो. तो दुसरीकडे गेला की मग ते नाव कामाला येतं. म्हणून असं आडनाव कुटुंबाने कोणतं गाव सोडलं ते सांगतं.

एक रास्त आक्षेप आला आहे : ‘होर्वात म्हणजे क्रोएशियन, पण खुद्द क्रोएशियात ते सर्वाधिक आढळणारं आडनाव आहे, मग तुमच्या म्हणण्याचं काय?’ आक्षेप खरा आहे. मात्र नकाशा पाहावा. होर्वात मंडळी मुख्यतः त्या देशाच्या उत्तर भागात, हंगेरी आणि स्लोव्हेनियाच्या बाजूला सापडतात. मध्ययुगात आजची राजधानी झाग्रेब धरून तो उत्तरेकडचा प्रदेश स्लावोनिया म्हणून ओळखला जाई आणि क्रोएशिया म्हणजे त्याच्या दक्षिणेचा मुलूख. दक्षिणेकडून वर येऊन वसलेला माणूस उत्तरेत ‘होर्वात’ ठरला. सीमा नंतर सरकल्या, आडनाव जागचं हललं नाही.

व्यवसायांच्या आडनावांबद्दल लोक अर्थ सांगून थांबतात आणि ‘हाच व्यवसाय का?’ हे विचारत नाहीत. लोहार पाहा. इंग्रजी स्मिथ, जर्मन श्मिट, पोलिश कोवाल्स्की, हंगेरियन कोवाच, रशियन कुझ्नेत्सोव, अरबी हद्दाद, तुर्की देमिर्जी, इटालियन फेरारी, सगळ्यांच्या मुळाशी लोहार किंवा लोखंड. जुन्या गावात बहुसंख्य लोक शेतकरी होते. मग ‘शेतकरी’ हे आडनाव तितकं का पसरलं नाही? शंभरातल्या नव्वदांना लागू पडणारा शब्द ओळख पटवायला कुचकामी असतो. लोहार गावात एक-दोनच. ‘तो लोहाराचा’ म्हटलं की झालं. जर्मनीत सर्वाधिक आढळणारं आडनाव ‘म्युलर’ आहे, म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. चक्कीवालाही गावात एकच असे.

इथे एक मौज सांगण्यासारखी आहे. फ्रेंच ‘लफेव्र’ म्हणजेही लोहार, पण त्यातला ‘फेव्र’ हा शब्द फ्रेंच बोलण्यातून केव्हाच गेला. आता लोहाराला ‘फोर्जरों’ म्हणतात. जुना शब्द फक्त आडनावात उरला. आपल्याकडचे फडणीस, चिटणीस आणि पोतनीस असेच. कामं गेली, शब्द घराच्या पाटीवर राहिले. लफेव्र लिहिताना लेखनिकांनी मध्ये एक ‘बी’ घुसवला, मूळ लॅटिन ‘फाबर’ आहे हे दिसावं म्हणून. तो उच्चारात नव्हता. त्या काळी ‘यू’ आणि ‘व्ही’ एकाच अक्षराने लिहीत, म्हणून पुढे काहींनी ते ‘लफेब्यूर’ असं वाचलं आणि तेही स्वतंत्र आडनाव होऊन बसलं. लेखनिकाच्या विद्वत्तेतून जन्मलेलं आडनाव!

शरीरावरून पडलेली नावं तर उघडच दुसऱ्याच्या तोंडची. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या कॅमेरॉन घराण्याचं नाव गेलिक भाषेतल्या ‘वाकडं नाक’ या शब्दांवरून आलं असं मानतात, कॅम्पबेलचं ‘वाकडं तोंड’ यावरून. दोन्हींतला ‘कॅम’ म्हणजे वाकडा. रोमन मुत्सद्दी सिसेरोच्या नावात लॅटिन ‘हरभरा’ आहे. प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो की पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. राजकारणात शिरताना मित्रांनी नाव बदलायला सुचवलं, तेव्हा सिसेरोने ते नाकारलं आणि हेच नाव मोठं करून दाखवतो असं सांगितलं. स्वतःच्या आडनावाची लाज वाटणाऱ्यांना मी नेहमी ही गोष्ट सांगते.

बापाच्या नावावरून आलेल्या आडनावांत उकलण्यासारखं त्या मानाने कमी. प्रत्यय कळला की झालं : डॅनिश ‘सेन’, स्पॅनिश ‘एझ’, आर्मेनियन ‘यान’, जॉर्जियन ‘श्विली’, तुर्की ‘ओलू’. फक्त वेल्सकडे थोडं थांबायला हवं. तिथे ‘मुलगा’ या अर्थी नावाआधी ‘आप’ लावत. इंग्रजी कारभाराच्या नोंदींत दोन शब्द एकत्र झाले, सुरुवातीचा ‘आ’ गळला आणि उरलेला ‘प’ पुढच्या नावाला चिकटला. आप हवेलचं पॉवेल, आप रीसचं प्राइस, आप ह्यूचं प्यू, आप रिचर्डचं प्रिचर्ड. प्राइस आडनावाचा किमतीशी काडीचाही संबंध नाही. शब्द कुठे तोडायचा हे चुकलं की अर्थ असा हातातून निसटतो.

‘सरकारने दिलेली आडनावं असतात का?’ असं विचारलं आहे. असतात, आणि पुष्कळ. फिलिपिन्समध्ये 1849 साली गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया यांच्या फर्मानाने आडनावांची एक वर्णानुक्रमी यादी वापरात आली. यादीची पानं गावोगाव वाटली गेली, म्हणून काही गावांत बहुतेक आडनावं एकाच अक्षराने सुरू होऊ लागली. एखाद्या फिलिपिनो माणसाचं आडनाव स्पॅनिश आहे म्हणून त्याचा पूर्वज स्पॅनिश होता असं म्हणता येत नाही. स्वीडनच्या सैन्यात वेगळीच अडचण होती. एकेका तुकडीत कितीतरी जण अँडरसन आणि योहानसन. मग शिपायांना छोटी नावं दिली गेली : रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे धीट, स्टार्क म्हणजे बळकट, स्वेर्ड म्हणजे तलवार. बऱ्याचदा शिपाई बदलला तरी त्या जागेचं नाव तेच राही आणि नव्या माणसाला मिळे. चपळ नसलेला माणूसही रास्क झाला असेल.

आता माझ्या म्हणण्याला खरा छेद देणारी उदाहरणं, कारण ती टाळणं बरोबर नाही. तुर्कस्तानात 1934 च्या कायद्याने प्रत्येकाला आडनाव घेणं भाग पडलं. मुस्तफा कमाल यांना संसदेने ‘अतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिलं आणि ते इतरांना वापरायला बंदी केली. बाकी लोकांना नाव निवडायची मुभा होती, मात्र टोळ्यांची आणि परक्या राष्ट्रांची नावं चालणार नव्हती. लोकांनी काय निवडलं पाहा : काया म्हणजे खडक, देमिर म्हणजे लोखंड, यिल्माझ म्हणजे डगमगत नाही, कोर्कमाझ म्हणजे घाबरत नाही, द्योन्मेझ म्हणजे मागे फिरत नाही. शेवटची तिन्ही चक्क नकारार्थी क्रियापदं आहेत, कर्त्यासकट पूर्ण वाक्यं. थायलंडमध्ये 1913 चा कायदा आला आणि राजा वजिरावुध यांनी स्वतः 6,000 हून अधिक आडनावं तयार करून दिली. त्यांत पाली आणि संस्कृत शब्दांची रेलचेल आहे. या दोन्ही देशांतल्या आडनावांत शेजाऱ्याची थट्टा किंवा शेरा दिसत नाही, इच्छा दिसते. शेजारी कुणाला ‘मागे फिरत नाही’ असं नाव ठेवेल असं मला वाटत नाही. ठेवलंच तर फार विरळा. म्हणून आडनाव स्वतः निवडलेलं की दुसऱ्याने दिलेलं, हे त्याचा सूर ऐकूनही पुष्कळदा ओळखता येतं.

सारख्या आवाजाबद्दल सावध राहावं. ‘ली’ हे इंग्रजीत रानातल्या मोकळ्या जागेवरून आलेलं आहे आणि चिनीत आलुबुखाराच्या झाडावरून. दोघांचा संबंध नाही. पण ‘रॉय’ माझं आवडतं. बंगाली रॉय ‘राजा’वरून. फ्रेंच लरॉयमधला ‘रॉय’ही राजाच, लॅटिन ‘रेक्स’वरून. एकमेकांकडून कुणी घेतलेला नाही, तरीही रेक्स आणि राजन् हे दूरचे सगे, एकाच प्राचीन मुळाचे. स्कॉटिश रॉय मात्र गेलिक ‘रुआ’वरून, म्हणजे तांबडा, बहुधा केसांच्या रंगामुळे. त्याचं मूळ पुन्हा आपल्या ‘रुधिर’शी जुळतं. रोमन लिपीतल्या एकाच लेखनाखाली दोन वेगळी मुळं, आणि दोन्हींचे नातलग संस्कृतात सापडतात!

चीनचा एकच तपशील देते. आडनावाच्या ‘शिंग’ या चिन्हात एक भाग ‘स्त्री’चा आणि दुसरा ‘जन्म’चा आहे. जी, ज्यांग, याव ही अतिप्राचीन कुळनावंही स्त्रीचिन्ह घेऊनच लिहितात. आणि सामान्य जनतेला चिनीत ‘लाव बाय शिंग’ म्हणतात, शब्दशः ‘जुनी शंभर आडनावं’.

शेवटी वापराचं, कारण मराठी लेखनात इथे खूप चुका होतात. शी जिनपिंग यांतलं ‘शी’ हे आडनाव आहे, तेव्हा ‘जिनपिंग म्हणाले’ हे सलगीचं होतं. ‘शी म्हणाले’ असं लिहावं. स्पॅनिश रीतीत बापाचं आडनाव आधी आणि आईचं नंतर. फिदेल कास्त्रो रुस यांतलं शेवटचं रुस आईकडचं, म्हणून त्यांना कास्त्रो म्हणायचं. चित्रकार पाब्लो रुईस पिकासोने मात्र आईकडचं नाव पुढे आणलं. इथिओपियाच्या अबी अहमद यांचं अहमद हे वडिलांचं नाव, तिथे त्यांना ‘अबी’ म्हणतात. आइसलँडच्या माजी अध्यक्ष विग्दिस फिनबोगादोत्तिर यांना तिथे सगळे विग्दिसच म्हणत. पुढचा शब्द म्हणजे ‘फिनबोगीची मुलगी’ एवढाच, आणि तिथली टेलिफोनची यादीही पहिल्या नावाने लावलेली असे. म्यानमारचे ऊ थांट, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस, यांचं नाव फक्त थांट. ‘ऊ’ हा आदराचा शब्द, आपल्या ‘श्री’च्या जागी. सूचीत त्यांना ‘थ’खाली घ्यावं.