सीमेवरच्या मिलिशियावाल्याची पेन्शन: हक्क की खैरात?

रानवाटा:
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या म्हाताऱ्या सैनिकांचे पेन्शनचे अर्ज हल्ली वाचतोय. मी अडकतो ते केंटकी, पश्चिम व्हर्जिनिया, पश्चिम पेन्सिल्व्हेनियाच्या सीमेवर, म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीच्या कडेला, लढलेल्या मिलिशियावाल्यांपाशी. मिलिशिया म्हणजे गरजेला बंदूक उचलणाऱ्या गावकऱ्यांची फौज. त्यांच्यावर अन्याय झाला असं माझं मत आहे. पटत नसेल तर हाणा.

आधी पार्श्वभूमी. १८१८ चा कायदा खड्या सैन्यातल्या, म्हणजे कॉन्टिनेन्टल फौजेतल्या, गरजूंसाठी होता. साध्या शिपायाला महिना ८ डॉलर. मिलिशियाला त्यात काहीच नाही. त्यांना दार उघडलं ७ जून १८३२ च्या कायद्याने. किमान ६ महिने नोकरी हवी, २ वर्षं भरली तर पूर्ण पगार, मधल्यांना त्या प्रमाणात. १७७८ साली अठरा वर्षांचा असलेला पोरगा तोवर बहात्तरीला पोचलेला!

आणि अट काय, तर नोकरी अधिकृत हुकमाने उभारलेल्या तुकडीत झालेली असावी, मैदानात नाहीतर गढीत, आणि त्या काळात दुसरा कामधंदा केलेला नसावा. आता सीमेवरची गढी डोळ्यांपुढे आणा. ओंडक्यांचं कुंपण, आत बायकापोरं आणि गुरं. निम्मे पुरुष मक्यात खुरपणी करताहेत, उरलेले बंदुका घेऊन त्यांच्यावर पहारा देताहेत, आणि उद्या पाळी उलटी. यातला शिपाई कोण आणि शेतकरी कोण? हा नियम पूर्वेकडच्या छावण्या पाहून केलेला आहे.

हिशेबनीस:
नियम नसता तर काय झालं असतं तेही सांगा की. १८१८ च्या कायद्यावर अर्जांचा एवढा पाऊस पडला की १८२० मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकन संसदेला, प्रत्येकाकडून मालमत्तेची यादी मागावी लागली. गाय, डुक्कर, किटली, सगळं लिहून द्या. बरीच नावं त्यात गळाली. १८३२ नंतर तीच गत. पश्चिम व्हर्जिनियात १८३४-३५ ला सिंगलटन नावाच्या सरकारी वकिलाने पेन्शनरांना पुन्हा गाठून जबान्या घेतल्या, आणि त्यानंतर अनेकांची नावं यादीतून उडाली. रानात शत्रूची टेहळणी केली म्हणायला काय जातं? ना हजेरीपट, ना पगारपत्रक.

दुसरं, स्वतःच्या मक्याची राखण केल्याबद्दल सरकारने पैसे का मोजायचे?

रानवाटा:
हजेरीपट नाही हा दोष म्हाताऱ्याचा कसा? नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि खात्याचे स्वतःचेच कागद जळले. स्वतःचं दप्तर गमावलेलं खातं सत्तरीच्या माणसाकडे बत्तीस-तेहतीस वर्षांनी नोकरीतून मोकळं केल्याचा कागद मागतंय.

मक्याचं म्हणाल तर युद्धाची पहिली चकमक झाली त्या मॅसॅच्युसेट्सच्या लेक्झिंग्टनला १७७५ मध्ये बंदूक उचलणारेही आपल्याच गावात उभे होते. त्यांना कोणी विचारत नाही. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा परगणा होता, तिथल्या मिलिशियाच्या अधिकाऱ्यांना व्हर्जिनियाच्या सरकारची सनद होती. सप्टेंबर १७७८ मध्ये केंटकीतल्या बून्सबरोला वेढा पडला तेव्हा आतल्या लोकांनी नऊ-दहा दिवस गढी राखली. ते युद्ध नव्हतं का? बरं, पैसे तरी किती? सहा महिने भरलेल्या साध्या शिपायाला वर्षाला २० डॉलर.

कोर्टकचेरी:
एक तांत्रिक भर. अर्ज कोर्टात उभं राहून शपथेवर द्यायचा. ठरावीक प्रश्न असत. जन्म कुठे, वयाची नोंद कुठे, बोलावणं आलं तेव्हा राहत होतात कुठे, स्वखुशीने गेलात की पाळी लागली म्हणून, अधिकारी कोण, नोकरीतून मोकळं केल्याचा कागद मिळाला का, शेजारी कोण ओळखतं. शिवाय एक पाद्री आणि एक शेजारी यांची साक्ष.

अर्ज एकापुढे एक ठेवून वाचा. ती ‘दुसरा कामधंदा केला नाही’वाली ओळ जवळजवळ शब्दशः सगळीकडे सारखी. म्हाताऱ्याची भाषा नाहीच ती, अर्ज लिहून देणाऱ्याची आहे. वॉशिंग्टनहून पेन्शन कमिशनर जेम्स एडवर्ड्स यांच्या कचेरीने मजकूर अपुरा म्हणून अर्ज परत पाठवला की गावातला वकील ती ओळ घालून पुन्हा धाडायचा. त्यामुळे त्या ओळीवरून खरा-खोटा ठरवता येत नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावं.

तिरकस:
दोघंही गोड भांडताय. जमीन कोणाची होती? १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने ॲपलाचियन डोंगरापलीकडे वस्ती करू नका असं फर्मान काढलं होतं. हे लोक गेलेच. मग तिथल्या शॉनी या मूलनिवासी जमातीने हल्ले केले की हे ‘संरक्षण’.

८ मार्च १७८२ ला ग्नाडेनहुटन इथे पेन्सिल्व्हेनियाच्या मिलिशियाने ख्रिस्ती झालेले ९६ डेलावेअर जमातीचे मूलनिवासी मारले. नि:शस्त्र, त्यात बायका आणि मुलं. मारायचं की नाही यावर आधी मतदान घेतलं. त्या मोहिमेचे दिवसही सहा महिन्यांत धरायचे का?

रानवाटा:
ग्नाडेनहुटनचा एक दिवसही धरू नये. पण त्यासाठी अख्ख्या सीमेला आरोपी करणं पटत नाही. पेन्शन ही थकलेली मजुरी आहे. राज्याला ती जमीन हवी होती, त्याने ही माणसं ढालीसारखी पुढे केली.

तिरकस:
पुढे केली? ती आपणहून पळत गेली, सरकार मागून आलं.

गोदाकाठ:
मराठवाड्यातून. हे वाचताना आमच्याकडचे सरहद्दीवरचे कॅम्प आठवणारच. १९४७-४८ मध्ये निजामाच्या हद्दीबाहेर कॅम्प टाकून पोरं आत शिरत, नाके जाळत. जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली ती अशांनीच. पुढे स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी पुरावा मागितला गेला. तुरुंगात गेलेल्याचा कागद तुरुंगाकडे असतो. कॅम्पवाल्याचा कोणाकडे? कॅम्पप्रमुखाच्या दाखल्यावर सगळं अवलंबून. मग बीड जिल्ह्यातलं बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

पण याच न्यायालयाने २००१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं होतं की अशा दाव्यांना फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नका, संभाव्यता पाहा. मला हेच योग्य वाटतं. दाखले देणारा खोटा निघाला तर त्याला धरा.

हिशेबनीस:
म्हणजे आधी वाटा, मग वसुली करा. ऐंशीच्या माणसाकडून वसुली होते का हो?

रानवाटा:
होत नाही, म्हणूनच म्हणतोय की गोदाकाठ म्हणतात तसं खोटा दाखला देणाऱ्याला धरा. अमेरिकेत पेन्शन लुबाडण्यात दलाल पुढे होते, आणि सिंगलटनने जबान्या मात्र म्हाताऱ्यांच्याच घेतल्या.

शिवाय नाव असलं की वाट मिळत होतीच. सायमन केंटन हा सीमेवरचा नावाजलेला टेहळ्या. सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्कबरोबर इलिनॉयमधल्या कास्कास्कियाच्या मोहिमेला गेलेला, शॉनींच्या तावडीतून वाचलेला. म्हातारपणी कंगाल. त्याला काँग्रेसने वर्षाला २४० डॉलर दिले. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला मात्र तारखा सांगा.

कोर्टकचेरी:
तारखांवरूनच सर्वांत जास्त अर्ज बिघडत असावेत असं माझं मत. सीमेवरची लढाई इंग्लंडशी झालेल्या १७८३ च्या तहाने थांबलीच नाही, मूलनिवासी जमातींशी १७९५ मध्ये झालेल्या ग्रीनव्हिल तहापर्यंत चालली. म्हाताऱ्याच्या डोक्यात ते सगळं एकच युद्ध. कारकून १७८३ ला रेघ मारणार.

हिशेबनीस:
मारणारच. कायदा क्रांतियुद्धाचा होता. १७९१ च्या चकमकीसाठी वेगळा कायदा मागायला हवा होता.

रानवाटा:
ग्रीनव्हिलपर्यंतच्या लढायांचा वेगळा धागा काढतो. तिरकस, तिथे शॉनींची बाजू तुम्ही मांडा.