मदत हवी आहे: अकरावीचे विषय आणि बारावीनंतरच्या वाटा गावातल्या पालकांना कशा समजावून सांगू?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीकाठी. दहावीपर्यंतची शाळा गावात आहे, अकरावीपासून एसटी धरावी लागते. मे महिन्यात चाकरमानी आले की एका दुपारी देवळाच्या सभामंडपात दहावीच्या मुलांच्या पालकांना बोलवायचं, असं वाडीतल्या आम्ही चौघांनी ठरवलंय. बोलायचं काम माझ्यावर आलंय. मी बीएस्सी आहे, तालुक्याला पतपेढीत नोकरी करते. शिक्षिका नाही, समुपदेशक तर नाहीच. म्हणून हा धागा.

हे डोक्यात का आलं ते आधी सांगते. गेल्या वर्षी जूनमध्ये शेजारची काकी मुलाला घेऊन माझ्याकडे आली. बाहेर पाऊस लागला होता. गुणपत्रिका भिजू नये म्हणून तिने ती दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्यांत एकात एक घालून आणली होती. पिशव्या उघडल्या, कागद कोरडाच होता, तरी पदराने पुसून माझ्या हातात दिला. मुलगा सायन्सला, सत्तरच्या वर टक्के. त्याचा मामा बोटीवर असतो, आणि यालाही लहानपणापासून तेच करायचं होतं. मामाने फोनवर सांगितलं, भाच्याचा अर्ज भर. मी पात्रता वाचली आणि गुणपत्रिका बघितली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, भूगोल. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीवर कोणीतरी म्हणालं होतं, "गणित सोड, टक्के वाढतील." त्याने सोडलं.

काकी कागदावरून बोट फिरवत होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मला विचारते, "गणित खंय आसा ह्याच्यात?" मी म्हटलं, नाही गो. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पन सायन्स घेतल्यान मां त्येना?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तिच्या हिशेबाने सायन्स घेतलं म्हणजे सगळी दारं उघडी. आणि असं समजणारी ती एकटी नाही. आमच्याकडे प्रश्न विचारला जातो तो शाखेचा: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? दार मात्र बंद होतं ते विषयामुळे. हे पालकांना अकरावीचा अर्ज भरण्याआधी कळायला हवं, बारावीची गुणपत्रिका हातात आल्यावर नव्हे.

बैठकीत शाखेपासून सुरुवात करायची नाही, उलट्या बाजूने यायचं, असं मी ठरवलंय. मुलाला पुढे काय करायचंय, त्याला कुठली परीक्षा लागते, त्या परीक्षेला कुठले विषय लागतात, ते विषय आपल्या एसटीच्या टप्प्यातल्या कुठल्या कॉलेजात मिळतात. आतापर्यंत जमवलेली माहिती लिहिते, चुकलं तर सांगा.

इंजिनिअरिंगला गणित हवंच. मेडिकलला (बीएएमएस, बीएचएमएससकट) बायॉलॉजी आणि नीट. आता ओरोसला आणि रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेज झाल्यामुळे डॉक्टरकीची स्वप्नं घरोघरी वाढली आहेत, त्यामुळे नीटचे ७२० गुण म्हणजे काय आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात, हे मी तपशिलात सांगणार आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पदव्यांसाठी एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा. सीईटीचे दोन गट, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी बायॉलॉजी), दोन्ही २०० गुणांचे. प्रश्न मुख्यतः बारावीवर, साधारण ८० टक्के, उरलेले अकरावीवर. म्हणजे "अकरावी आरामाची" हा समज इथेच मोडतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एनडीएतून भूदलात जायचं तर कुठल्याही शाखेची बारावी चालते, नौदल आणि हवाई दलासाठी मात्र फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. सीए फाउंडेशनला शाखेची अट नाही. पाच वर्षांच्या लॉलाही नाही, त्याची सीईटी वेगळी.

सगळ्यात अवघड वाटतं ते टक्क्यांचं. आपलं कोकण बोर्ड निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं. २०२५ ला दहावीचा निकाल ९८.८२ टक्के, बारावीचा ९६.७४. याचा अभिमान मलाही आहे. पण घरात पेढे वाटून झाल्यावर पालकांना वाटतं, आता प्रवेश झालाच. इंजिनिअरिंगला बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात (पीसीएमला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०), पुढची यादी सीईटीवर लागते. हे बोलताना मुलांच्या निकालाची किंमत कमी केल्यासारखं वाटू नये, आणि तरी खरं सांगता यावं. तुमच्यापैकी कोणी पालकांशी असं बोललं असेल तर शब्द सुचवा.

अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर झाला. आधी तो मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत होता, आमच्याकडे कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा. पहिल्या वर्षी वाडीत एका घरी असं झालं: वडील डोंबिवलीला, आई गावात, फॉर्म भरला सायबर कॅफेत. दहा पसंतीक्रम देता येतात म्हणून ओळखीची नावं दिसली तशी टाकली. पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज मिळालं. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. आणि त्या कॉलेजातून प्रॅक्टिकल संपवून मुलगी स्टँडवर येईपर्यंत आमच्या गावची शेवटची गाडी गेलेली असते. आता ती मावशीकडे राहते. सायन्स घ्यायचं का, याचं उत्तर आमच्याकडे शेवटच्या एसटीवरही ठरतं, आणि हे बैठकीत मोकळेपणाने बोलायला हवं.

आता माझे प्रश्न. तक्ता लावावा, की गोष्टी सांगाव्यात? समोर बसणाऱ्या बऱ्याच आया सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या आहेत, तक्ता बघून मान डोलावतील आणि घरी जाऊन भावजींना विचारतील. निर्णय घेणारे वडील मुंबईत, त्यांच्यापर्यंत हे नीट कसं पोचवायचं? आर्ट्सचं नाव काढलं की बायका खाली बघतात, मुलगी नापास झाल्यासारख्या, त्याला काय करू? आणि त्या काकीच्या मुलाला काही मार्ग आहे का? सध्या तो दुसऱ्या एका मामांच्या होडीवर जातो.

जाणकारांनी कृपया लिहावं.

*

निवृत्त_मास्तर:

ताई, आधी मुलाचं. बोर्डाची परीक्षा नियमित विद्यार्थी देतात, पुनर्परीक्षार्थी देतात, श्रेणीसुधारवाले देतात, तसेच "तुरळक विषय" घेऊन बसणारेही असतात. बारावी झालेल्या मुलाला राहिलेला विषय घेऊन बसता येतं. त्याने आपल्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन हा शब्द जसाच्या तसा वापरून विचारावं, नुसतं "गणित द्यायचंय" म्हटलं तर परत पाठवतील. जिथे पुढे प्रवेश घ्यायचा त्या संस्थेला अशी गुणपत्रिका चालते का, हे आधी लेखी विचारून घ्यावं. वर्ष गेलं, पण दार पूर्ण बंद नाही.

दुसरं. विषयांच्या यादीत काही कॉलेजांत बायफोकल असतं. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स, आणि आपल्या किनाऱ्याला जवळचं म्हणजे फिश प्रोसेसिंग. हा विषय २०० गुणांचा, तो दुसऱ्या भाषेची आणि आणखी एका विषयाची जागा घेतो. गुण चांगले मिळतात म्हणून मुलं घेतात. ती "आणखी एका विषयाची" जागा गणिताची जाते की बायॉलॉजीची, तेवढं पालकांना बघायला सांगा. मी पस्तीस वर्षं शिकवलं, सगळ्यात जास्त घोटाळा याच जागी पाहिला.

तक्ता लावू नका. वाडीतली शिकलेली चार पोरं उभी करा. प्रत्येकाने एवढंच सांगायचं: मी अकरावीला काय घेतलं, कुठली परीक्षा दिली, आज काय करतो. पालक त्या पोराला शेंबडा असल्यापासून ओळखतात, त्याचं ऐकतील.

*

रत्नांग्रीकर:

बारावीनंतरचंच बोलू नका, दहावीनंतर फुटणारी वाटही सांगा. माझा मुलगा पॉलिटेक्निकला गेला. तीन वर्षांचा डिप्लोमा, प्रवेश दहावीच्या गुणांवर, सीईटी नाही. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. सरकारी पॉलिटेक्निक रत्नागिरीलाही आहे आणि तुमच्या जवळ मालवणलाही. आयटीआय केलेल्यालाही पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे तर कोणी सांगतच नाही.

आणि कागद! जात पडताळणीचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत करायचा. नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. आमच्या शेजारच्या मुलीचा सीईटीत चांगला नंबर होता, पण पडताळणी वेळेत झाली नाही आणि तिला खुल्या प्रवर्गातून जावं लागलं. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी तालुकाभर फिरावं लागतं, त्याला दोन वर्षंही कमी पडतात.

*

बोटीवरचा:

मी डेकवर आहे, सुट्टीवर घरी आलोय. डेकवर जायच्या डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) या कोर्ससाठी पीसीएमला सरासरी ६० टक्के आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ५० लागतात. त्या मुलाने गणिताचा अभ्यास सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. रंग ओळखण्यात दोष असेल तर डेकवर घेत नाहीत, आणि हे दोन वर्षं अभ्यास करून मग कळलेली मुलं मी पाहिली आहेत. दहावीवर जीपी रेटिंग हा खलाशी म्हणून जायचा रस्ता वेगळा आहे.

एक कळकळीने सांगतो. "सीट करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. संस्थेला डीजी शिपिंगची (केंद्र सरकारचं जहाजवाहतुकीचं खातं) मान्यता आहे का, ते स्वतः त्यांच्या संकेतस्थळावर बघा. आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांनी आंब्याची कलमं गहाण टाकून असे पैसे घालवलेत.

*

कुडाळची_आर्ट्सवाली:

मी बारावी आर्ट्स, मग भूगोलात बीए. आज तलाठी आहे. जाहिरातीत अट होती "कोणत्याही शाखेची पदवी". एमपीएससीला तेच, बँकेच्या परीक्षांना तेच. आर्ट्सला इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असतं, आणि स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या सायन्सच्या मुलांना हीच पुस्तकं नव्याने वाचावी लागतात. मी पहिल्यापासून वाचत आले. ताई, बैठकीत मला बोलवा, मी येते. बायकांना खाली बघावं लागणार नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्सची चार वर्षांची. मध्येच थांबावं लागलं तर एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना डिप्लोमा. लग्न ठरलं म्हणून दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडणाऱ्या मुली आपल्याकडे अजून आहेत, त्यांच्या आयांना हे मुद्दाम सांगा.

*

डोंबिवलीकर_चाकरमानी:

बाप म्हणून लिहितो. आम्हाला फोनवर फक्त "फी किती" एवढंच विचारता येतं, कारण बाकी काही कळत नाही. म्हणून फीपासून सुरुवात करा, बाप लोक ऐकतील. मुलींसाठी २०२४-२५ पासून नियम आलाय: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश सरकारी फेरीतून झाला असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ. मला हे माहीत नव्हतं. माझ्या मोठ्या मुलीला खर्चाच्या भीतीने मीच कॉमर्सला घातली. तिला फार्मसी करायची होती.

बैठक सकाळी ठेवू नका. मे महिन्यात सकाळी सगळे आंब्याच्या पेट्या भरण्यात असतात.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. "तुरळक विषय" हा शब्द मी काल रात्रीच काकीच्या घरी जाऊन सांगितला. मुलगा होडीवरून आला नव्हता. काकीने मला तो शब्द कागदावर लिहून मागितला, मराठीत, मोठ्या अक्षरात. सोमवारी ती स्वतः त्याच्याबरोबर कॉलेजात जाणार आहे, एक दिवसाची काजूची मजुरी सोडून. जाताना मला विचारते, "डोळ्यांचो डाक्टर खंय बसता गो बाय?"

बैठक आता दुपारी चारला ठेवलीये, चाकरमान्यांच्या सोयीने. तक्ता रद्द. वाडीतले चौघे बोलायला तयार झालेत: पॉलिटेक्निकवाला, नर्सिंगची मुलगी, पोलीस भरतीतला आणि मी. कुडाळच्या ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. बोटीवरच्या दादांना विनंती, तोपर्यंत सुट्टी असेल तर दहा मिनिटं फोनवर बोलाल का? सभामंडपात स्पीकर लावता येतो, रेंज तेवढी विहिरीकडच्या कोपऱ्यात मिळते.

एक प्रश्न राहिला. गणित आणि बायॉलॉजी दोन्ही ठेवायला सांगावं का? दोन्ही ठेवले तर सीईटीचे दोन्ही गट देता येतात, वाट ठरवायला दोन वर्षं मिळतात. पण आमची मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. त्यात रोजचे तीन तास एसटीत. ज्यांच्या मुलांनी मराठी माध्यमातून येऊन चारही विषय ओढले, त्यांनी पहिले सहा महिने कसे काढले ते लिहाल का?