पोलेद्नित्से : चेटकीण, हडळ की बागुलबुवा?

तळटीप: आमच्या श्रवणमंडळासाठी चेक संगीतकार द्वोर्झाकच्या सिंफनिक पोएम्सचा (वाद्यवृंदातून गोष्ट सांगणाऱ्या रचनांचा) मराठीत परिचय लिहितोय. १८९६ साली त्याने चेक कवी एर्बेनच्या कथाकवितांवर चार रचल्या. 'वोद्निक'चं 'जलपिशाच्च' करून टाकलं, पण 'पोलेद्नित्से'पाशी, म्हणजे भर दुपारी येणाऱ्या भुतावळीतल्या बाईपाशी, गाडी अडली. इंग्रजी नावावरून 'दुपारची चेटकीण' लिहिलं, तर बायको म्हणाली, चेटूक करते कुठे ती? पोर न्यायला येते.

खाडीकाठ: हडळ लिहा, विषय संपवा. मालवणात आमची आजी म्हणायची, 'भर बाराक भायर पडा नको.'

तळटीप: हडळ मेलेल्या बाईची होते. जखीण, लावसट, सगळ्या तशाच. ही मुळात माणूस नव्हतीच.

अर्धमात्रा: मग आसरा?

खाडीकाठ: आसरा पाण्यातल्या. त्या वोद्निककडे पाठवा.

पाटावरवंटा: गोष्ट बघा ना. पोर रडतंय, स्वयंपाक व्हायचाय, नवरा जेवायला येईल. आई करवादून म्हणते, थांब, बोलावतेच तिला. मराठी आई इथे बागुलबुवालाच हाक मारेल. (बागूल हा शब्द वाघळावरून आला असं माझं मत.)

धातुपाठ: वाघळाला पुरावा?

पाटावरवंटा: मत म्हटलं हो, व्युत्पत्तिकोश नाही.

तळटीप: पण बागुलबुवा कधी येत नाही, आणि ही येते! ती येते तेव्हा तंतुवाद्यं दबक्या आवाजात, वर बास क्लॅरिनेट हे खर्जातलं फुंकवाद्य. मग बाराची घंटा. बाप घरी येतो तर आई बेशुद्ध, पोर तिच्याच कुशीत गुदमरलेलं. 'बुवा' वाचून लोक हसतील.

धातुपाठ: चेक 'पोलेद्ने' म्हणजे अर्धा दिवस. त्यातला 'देन' आपल्या 'दिन'चा भाऊबंद. सरळ 'मध्याह्निका' करा.

खाडीकाठ: कोणतं पोर घाबरेल त्याला? काढ्याची बाटली वाटते.

तबकडीवाला: नाव काहीही ठेवा, रेकॉर्ड वाद्यवृंद-संचालक कुबेलिकचीच लावा, बव्हेरियन रेडिओच्या वाद्यवृंदाची.

अर्धमात्रा: दुसरा संचालक हार्नोनकुर्ट ऐकलाय का, अ‍ॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ वाद्यवृंदाबरोबरचा?

धातुपाठ: रेकॉर्ड नव्हे, ध्वनिमुद्रिका.

तबकडीवाला: दुकानात जाऊन ध्वनिमुद्रिका मागून बघा एकदा.

तळटीप: मंडळी, मजकूर छापायला जायचाय. तूर्त 'मध्यान्हीची बया' लिहितो.

पाटावरवंटा: 'बया' झकास! पण देवीलाही बया म्हणतात हं.

धातुपाठ: मध्यान्ही चूक. मध्य अधिक अहन्, म्हणून मध्याह्न. आधी ह, मग न.

खाडीकाठ: शाळेतली खिचडी पिढ्यान्‌पिढ्या 'मध्यान्ह भोजन' म्हणूनच खाल्ली जातेय. उद्या 'चिन्ह'सुद्धा 'चिह्न' लिहायला लावाल.

धातुपाठ: लावेनच. आणि 'आन्हिक'ही 'आह्निक'.

अर्धमात्रा: म्हणून दाखवा की मोठ्याने. जीभ आधी 'न'वर जाते की 'ह'वर?